'वरिष्ठांचे शिफारसपत्र' : सिरियाक शिकतानाचा माझा अनुभव

सिरियाक ही येशूच्या बोलीच्या नात्यातली, ख्रिस्ती प्रार्थनेची एक जुनी भाषा. तिची लिपी मला जमली आणि स्वरांच्या खुणाही जमल्या, पण प्रवेश अर्जातल्या 'वरिष्ठांचे शिफारसपत्र' या रकान्यापाशी सगळं अडलं. तो रकाना आठवला की अजून डोकं तापतं. माझ्यासारखी साधी बाई किंवा बाप्या हे शिकायला निघाला तर त्याचा तेवढा त्रास वाचावा म्हणून लिहिते.

मी निवृत्त शिक्षिका. माहेर नगरकडचं, मंडळी (म्हणजे आमचं चर्च) प्रोटेस्टंट, लग्नानंतर कल्याणला. शास्त्रवाचन लहानपणापासूनचं, त्यामुळे शुभवर्तमानातले अरामी, म्हणजे येशूच्या बोलीतले, तुकडे ओळखीचे होते. याईराच्या मुलीला 'तलीथा कूम', बहिऱ्या माणसाला 'इप्फाथा', गेथशेमानेत 'अब्बा', वधस्तंभावर 'एलोई, एलोई'. मार्कने ग्रीकमध्ये लिहितानाही हे शब्द तसेच ठेवले. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल 'मारानाथा' ('प्रभू, ये') म्हणतो, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या मंडळ्यांनाही ही अरामी हाक ठाऊक होती. या भाषेत प्रार्थना करणाऱ्या लोकांचं पुढे काय झालं, ते मला हवं होतं.

ते एदेसाला सापडतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा शहरात. तिथली अरामी बोली म्हणजे सिरियाक. तीच पुढे इराणातल्या मंडळीच्या उपासनेची भाषा झाली आणि समुद्रमार्गे केरळात आली. सहाव्या शतकातला कॉस्मस हा व्यापारी लिहितो, की 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. बरेच अभ्यासक हे आपलं कल्याणच धरतात. माझ्या गावात दीड हजार वर्षांपूर्वी सिरियाकमध्ये प्रार्थना झाल्या असतील, हे वाचल्यावर भाषांतरावर समाधान मानणं मला शक्य नव्हतं.

म्हणून एका संस्थेच्या सिरियाक अभ्यासक्रमाला अर्ज केला. वर्ग बहुतेक ऑनलाइन, फी परवडणारी. अर्जात नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याचा दाखला, धर्मप्रांत, संघ, दीक्षेचं वर्ष. संघ आणि दीक्षा यांच्यापुढे 'लागू असल्यास' असं छापलेलं होतं. वरिष्ठांच्या पत्रापुढे ते नव्हतं. मी रकाना मोकळा ठेवला, तर अर्ज परत आला. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, तुमच्या मदर सुपीरियरचं पत्र जोडा." मी म्हटलं, मी सिस्टर नाही, संसारी बाई आहे. "मग फादरचं जोडा." आमच्या मंडळीत फादर नसतात, पाळक असतात, हे त्यांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण प्रत्येक वाक्यानंतर "हो, पण पत्र लागेल" एवढंच.

पाळकसाहेबांनी बिचाऱ्यांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहून दिलं. मी पाठवलं. लेटरहेड नाही म्हणून परत. लेटरहेड मिळालं तर शिक्का नाही म्हणून परत. शिक्का सेक्रेटरींच्या कपाटात आणि सेक्रेटरी लग्नासाठी गावी. शिक्का मारून पाठवलं, तेव्हा उत्तर आलं की आमच्या यादीत तुमची मंडळी नाही, बिशपसाहेबांच्या कार्यालयाचं पत्र आणा. तिथे गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, असं पत्र द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही, समितीपुढे ठेवावं लागेल, आणि समिती कधी बसेल ते सांगता येत नाही. या सगळ्यात वर्ग सुरू होऊन गेले. मला ईमेल आला: 'आपला अर्ज अपूर्ण आहे.'

आयुष्यभर शाळेत मी अर्ज तपासले आहेत. कागद का मागतात ते मला कळतं. पण बासष्टीतल्या बाईला प्रार्थनेची भाषा शिकायला वरिष्ठ कोण असावा, याचं उत्तर त्या कार्यालयात एकालाही देता आलं नाही, आणि प्रश्न चुकीचा आहे असंही कोणी म्हणालं नाही. मला खरा राग त्याचा आला. ज्या भाषेबद्दल हे चाललं होतं, तिचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. चौथ्या शतकातला सिरियाक कवी संत एफ्रेम एदेसात बायकांना गीतं शिकवायचा. श्रद्धेची शिकवण त्याने त्यांच्या तोंडी दिली, तीही भर चर्चमध्ये. सरुगच्या याकोबाने नंतर एफ्रेमवर जे काव्य लिहिलं, त्यात बायकांची तोंडं उघडली म्हणून त्याचं कौतुक आहे. ही गीतं कडव्याकडव्याने म्हणायची आणि मध्ये सगळ्यांनी ध्रुपद धरायचं, आपल्या भजनासारखं.

आणि अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणी! केंब्रिजमध्ये राहायच्या, पण ते विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं. अ‍ॅग्नेसबाई सिरियाक शिकल्या आणि 1892 मध्ये दोघी सिनायच्या सेंट कॅथरिन मठात गेल्या. तिथे एका हस्तलिखितात वरच्या मजकुराखाली खरवडलेली जुनी अक्षरं त्यांना दिसली. ती निघाली सिरियाकमधली शुभवर्तमानं, आज माहीत असलेल्या सर्वात जुन्या प्रतींपैकी एक. वरचा मजकूर होता संत स्त्रियांची चरित्रं. त्या दोघींनी कोणाचं पत्र जोडलं होतं?

सुटका झाली ती अचानक. मी पुन्हा फोन केला तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि ग्रंथालयातल्या बाईंनी उचलला. त्यांनी मला पहिल्यांदाच कामाचा प्रश्न विचारला: "तुम्हाला परीक्षा द्यायची आहे का?" मी नाही म्हटलं. "मग श्रोता विद्यार्थी म्हणून या. त्याचा अर्ज वेगळा आहे, एका पानाचा. पत्र लागत नाही." मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसूनच राहिले. इतका हलकेपणा बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता. तो अर्ज त्यांच्याकडे आधीपासून होता. तेव्हा कुठेही चौकशी करताना पहिलं वाक्य हेच टाका: मला परीक्षा नको, नुसतं वर्गात बसायचं आहे.

बाकीचं सोपं आहे. अक्षरं 22, उजवीकडून डावीकडे. 'दालथ' आणि 'रेश' यांचा आकार एकच. टिंब खाली असेल तर द, वर असेल तर र. म्हणून झेरॉक्स स्वस्तातली काढू नका. माझ्या पहिल्या प्रतीत टिंबं उडाली होती आणि अर्धी प्रार्थना वाचताच येईना. फोनवर वाचायचं तर अक्षर मोठं करून घ्या.

उच्चार दोन पद्धतींचे आहेत, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे. प्रभूची प्रार्थना एकीकडे 'आवून द-वश्मय्या' अशी सुरू होते, दुसरीकडे 'आबून द-बश्मायो'. केरळातल्या सिरो-मलबार मंडळीत पहिली, जेकोबाइट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत दुसरी. सुरुवातीला एकच धरा. सिरो-मलबार चर्चमध्ये कुर्बान, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, 1962 पर्यंत सिरियाकमध्ये होत असे, त्यामुळे तिथल्या वयस्कर लोकांना पुष्कळ पाठ असतं. आमच्या इमारतीतल्या अम्मचींनी, म्हणजे मल्याळी आजींनी, मला 'कंदीशा आलाहा' ('पवित्र देव') म्हणून दाखवलं. पुस्तकात 'कद्दीशा' आहे, पण केरळात कंदीशाच म्हणतात. मी दोन्ही म्हणते.

इंटरनेटवर 'येशूने उच्चारलेली मूळ प्रार्थना' म्हणून जे फिरतं त्यापासून मात्र सावध राहा. शुभवर्तमानं आपल्याला मिळाली ती ग्रीकमध्ये. 'पेशित्ता' हे सिरियाक भाषांतर पुढच्या काळातलं, आणि बोली एदेसाकडची, गालीलातली नव्हे. येशूच्या बोलीची ही जवळची नातेवाईक, आणि माझ्या प्रार्थनेला तेवढं नातं पुरतं. जुन्या पेशित्तात नव्या कराराची 22 च पुस्तकं आहेत. प्रकटीकरण त्यात नाही, ते शोधत बसू नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: नुसती प्रभूची प्रार्थना पाठ करून थांबू नका. वर्गात आम्ही अफ्रहात हा सिरियाक लेखक वाचतो. चौथ्या शतकात इराणी राज्यात राहून त्याने 23 प्रवचनं लिहिली. चौथं प्रार्थनेवर आहे. त्यात तो म्हणतो, थकलेल्याला विसावा दे, आजाऱ्याला भेट, गरिबाची सोय कर, हीच प्रार्थना. वाक्यं छोटी आहेत, कोश हाताशी असला की नवशिक्यालाही झेपतात. एका बैठकीत चार ओळी झाल्या तरी मला तो दिवस मोठा वाटतो.

आमच्या मराठी मंडळीतल्या बायकांनी यात यावं असं मला फार वाटतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बसून शास्त्र सोप्या मराठीत आणलं, सिरियाक त्याहून अवघड नाही. मी त्या संस्थेला लिहून कळवलंय, की श्रोत्यांचा अर्ज मुख्य अर्जाच्या शेजारीच ठेवा आणि त्या रकान्यापुढे 'लागू असल्यास' हे दोन शब्द छापा. उत्तर अजून नाही. पुढच्या प्रवेशाच्या वेळी पुन्हा लिहिणार आहे, आणि तोवर कोणाला श्रोत्यांचा अर्ज मिळाला नाही तर मला विचारा, माझ्याकडे त्याची प्रत आहे.