परीक्षक म्हणाले, हळू बोला

गडचिरोलीला जाऊन आले. नागपुरात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "काहून? बदली झाली का?" आपल्याकडे समज असा की गडचिरोलीला माणूस स्वतःहून जात नाही, त्याला पाठवतात. मी आपली स्वतःच्या मनाने, स्वतःच्या दोन सुट्ट्या घालून गेले, कारण मामेबहीण तिथं एम.ए. मराठी करून राहिली आणि एका युवा महोत्सवात तिच्या ग्रुपची एकांकिका होती.

उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असा रस्ता. माझ्या सीटची पाठ मोडकी होती म्हणून प्रवासाबद्दल एवढंच. नागभीडला मात्र लहानपणीची छोटी रेल्वे आठवली, 2019 मध्ये ती बंद झाली. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगा लागते आणि पूल ओलांडला की आलाच गडचिरोली जिल्हा.

गाव बदललंय खरं. गोंडवाना विद्यापीठ 2011 साली झालं, त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. माझा मामेभाऊ त्या काळातला, एका कागदासाठी पावणेदोनशे किलोमीटर यायचा आणि मुक्काम आमच्याकडे, आई म्हणायची याला डिग्री मिळेस्तोवर आपलं तांदूळ संपते. आता बहिणीच्या रूमवर अहेरी, भामरागडकडच्या पोरी आहेत, एक गोंडीत फोनवर बोलते, दुसरी नेट-सेटचा अभ्यास करते, आणि चहाच्या टपरीवर कोणाचा रेला, म्हणजे आदिवासी डान्स, बसला, कोणाचं नाटक पडलं याच्याच गप्पा.

तर एकांकिका. तेंदूपत्त्याच्या हंगामात शाळा सुटलेल्या पोरीची गोष्ट, पोरांनी स्वतः लिहिलेली, आमची बहीण त्यात आई. हॉलमध्ये मोजून चाळीस माणसं, त्यातली अर्धी पुढच्या नंबरची मेकअप करून बसलेली. काम चांगलं झालं पण जोरात झालं. म्हणजे आई पोरीला हाक मारते ती हॉलच्या पत्र्याला लागून परत येत होती. नंतर बाहेरून आलेले एक परीक्षक माईक घेऊन म्हणाले, "चेहऱ्याने बोला, आवाजाने नाही. हळू बोला. हे काय झाडीपट्टीचं नाटक आहे का?" लोक हसले. मीसुद्धा हसले, आणि खरं सांगायचं तर मनात म्हटलं की बरोबरच बोलून राहिले साहेब. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बहीण काही बोलली नाही, फक्त रूमवर आल्यावर म्हणाली, "ताई, रात्री झोपायचं नाही. आरमोरीकडे जायचं आहे."

तिच्या ग्रुपमधल्या एका पोराच्या आत्याच्या गावी तेच, झाडीपट्टीचं नाटक होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टी भाग, इथं धान निघालं की बांध्या रिकाम्या होतात, हातात थोडा पैसा येतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं, कंपन्यांची ऑफिसं तिथंच, गाववाले तिथं जाऊन नाटक बुक करतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक अशी जुनी जोडी. मी जन्माने विदर्भातली, वय चौतीस, आणि तोवर एकही पाहिलं नव्हतं. पुण्यात नोकरीला होते तेव्हा प्रायोगिक नाटकं मात्र तिकीट काढकाढून पाहिली.

आत्याच्या घरी बावीस पाहुणे. नाटकाच्या दिवशी सगळे सोयरे बोलावतात हे मला ठाऊक होतं, पण त्याच दिवशी सोयरिकीही जमवतात हे जेवायला बसल्यावर कळलं. भात, मटण आणि लाखोरीच्या डाळीचे वडे ताटात पडत होते आणि एक आजी माझ्याकडे बघून बहिणीला विचारत होत्या, "हे कोनाची? लगन झालं का हिचं?" नाही म्हटल्यावर माझ्या ताटात अजून दोन वडे पडले. दया म्हणून का आशा म्हणून, कळलं नाही. पण असं पोटभर आणि इतकं बिनआमंत्रणाचं मी कित्येक वर्षांत कुठं जेवले नव्हते.

नऊचं नाटक. साडेनऊला उद्घाटन सुरू झालं. मग सत्कार. मी चौदापर्यंत मोजले, शाल, श्रीफळ, दोन शब्द, आणि दोन शब्द म्हणजे दहा मिनिटं. थंडी अशी की पायाची बोटं हरवली. पडदा अकराच्या पुढं उघडला. आम्ही पाहुणे म्हणून दुसऱ्या रांगेत खुर्च्या, आणि तीच चूक झाली, कारण तिथून प्रॉम्प्टर स्पष्ट ऐकू येत होता. प्रत्येक वाक्य दोनदा. आधी खालून कुजबुज, मग वरून गर्जना. नट बिचारे आज हे नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं, तालमीला वेळ कुठला. एवढं समजलं तरी हसू यायचं ते येतच होतं. खलनायक तर असा ओरडायचा की माझ्या पुढच्या काकांनी मफलर कानावर ओढला. ऑर्गन, तबला, मधेच गाणं, मधेच विनोदी जोडी. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, पण विनोदी जोडीला सगळ्यात जास्त दाद देणाऱ्या मंडळींकडे बघून तसं वाटलं नाही. असो.

दोनच्या सुमारास मला बाहेर जावं लागलं. हजारोंची गर्दी आणि बायकांसाठी सोय काय, तर अंधार. सत्कारांच्या खर्चात एक ताडपत्रीचा आडोसा झाला असता, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते. येताना रांगा तुडवत पुढं जायची हिंमत झाली नाही म्हणून सगळ्यात मागं, धुऱ्याला लागून, बायका बसल्या होत्या तिथं उभी राहिले. एका बाईने न बघताच आपली चादर उचलली आणि म्हणाली, "बस वो माय." बसले. तिच्या मांडीवर झोपलेलं पोर, माझ्या अंगावर अर्धी चादर.

स्टेज तिथून आगपेटीएवढं. चेहरे दिसतच नव्हते. चेहऱ्याने बोला म्हणे! चेहऱ्याने बोलले असते तर आम्हा मागच्यांना काय पोचलं असतं? तिसऱ्या अंकात सासरा सुनेला घराबाहेर काढतो, मघाशी तोच ओरडणारा नट, आणि मागं त्याचा आवाज अगदी बरोबर मापाने येत होता, ना जास्त ना कमी, जसा घरातला माणूस शेजारच्या खोलीतून बोलतो तसा. प्रॉम्प्टर नाही, काही नाही. सून उंबऱ्यावर थांबून फक्त "जाते मी" म्हणाली आणि माझ्या शेजारच्या बाईने पदराने नाक पुसलं, मग तिच्या पलीकडच्या बाईने, आणि मग, आता लपवून काय करू, मी त्यांच्याच चादरीने.

बहीण शोधत मागं आली तर मी अशी. ती काही चिडवली नाही. खाली बसून म्हणाली, "ताई, तो थांबतो ते बघ. मागच्या रांगेतून हुंदका आला की मगच पुढचं वाक्य घेतो." मग ती नुसतीच ओठ हलवत त्याच्याबरोबर बोलू लागली. 2023 मध्ये परशुराम खुणेंना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळालं तेव्हा मी ती बातमी सरकवून पुढं गेले होते, हे तेव्हा आठवलं.

नाटक पाचला संपलं. दुसरा दिवस झोपेत गेला, मार्कंड्याचं देऊळ बघायचं राहिलं.

परतीच्या बसमध्ये आरमोरीला एक माणूस चढला, माझ्या शेजारी बसला. काजळ नीट पुसलेलं नव्हतं म्हणून ओळखलं, तोच, सासरा. ब्रह्मपुरीपर्यंत डुलक्या काढल्या त्याने, मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही. काय जी, म्हटलं. परत म्हणाला, तरी नाही. तिसऱ्यांदा मी कान जवळ नेला तेव्हा कळलं, खिडकी लावता का म्हणत होता.