मिशीखालचं हसू : आमची वाटचाल

आमचं दुकान कोल्हापुरात मंगळवार पेठेत. बारा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. बाबा इथं फोटोवरून तसबिरी करून द्यायचे. मूळ फोटोवर बारीक चौकोन पाडायचे, तेच मोठ्या कागदावर पाडायचे आणि मग काळी पावडर कापसानं घासत छाया चढवायची. गिऱ्हाईक बहुतेक तेराव्याच्या घाईतलं. दहा दिवसांत तसबीर चौकटीत बसून हार घालायला तयार हवी. एवढ्या वेळात नाक-डोळे जमले तरी लोक हात जोडायचे.

मी कलाशिक्षण संपवून दुकानात बसले तेव्हा डोक्यात हवा होती. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर अशा चित्रकारांच्या गावात आपण काळी पावडर काय घासत बसायचं? मी ऑइलमध्ये पोर्ट्रेट सुरू केली.

पहिल्याच वर्षी आपटले. पन्हाळ्याकडचं एक शेतकरी कुटुंब. वडील गेलेले, फोटो एकच, तोही ओळखपत्राचा. श्वास रोखून बसलेला माणूस. मला वाटलं, घरच्यांना जरा बरं वाटेल, म्हणून ओठांवर हसू दिलं. मुलगा चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. "नाक आमच्या अण्णाचंच, डोळं बी त्येचंच. पण ह्यो माणूस कोण?" मग जाता जाता म्हणाला, "अण्णा असा हसत न्हवता वो. हसू आलं तर मिशीखाली दाबायचा." चित्र त्यानं नेलं नाही. मीही पैसे मागितले नाहीत.

बाबांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "तू नुसते ओठ हसवलेस. गालांना पत्ताच नाही." खरं हसू आलं की गाल वर सरकतो, खालची पापणी किंचित ताणली जाते, डोळ्याच्या कडेला सुरकुत्या गोळा होतात. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1862 साली चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन हेच मांडलं होतं, असं मी पुढे वाचलं. बाबांनी ते पुस्तक पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर माणसं बघितली होती, एवढंच.

मधे डिजिटल प्रिंट आलं आणि आमचं निम्मं काम गेलं. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. मशीन फोटोत आहे ते मोठं करतं. पण फोटोतच माणूस नसेल तर? त्या प्रश्नावर आमचं दुकान आज चालतं.

आता ऑर्डर आली की मी आधी तासभर घरच्यांबरोबर बसते. 'स्वभाव कसा होता' हे विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं : फार प्रेमळ. मी विचारते, चहा बिघडला तर तोंड कसं व्हायचं? अवेळी कुणी दार वाजवलं तर? सुरुवातीला सगळे गप्प. मग एखादी सून पदर सावरून हुबेहूब सासूसारखं बघते, घरभर हशा पिकतो आणि लगेच कुणाचे तरी डोळे भरतात. मला हवं असतं ते त्या क्षणात असतं. शिवाय घरात कुणाचा तरी ओठ किंवा भुवई गेलेल्या माणसावर गेलेली असते. आईचं चित्र करताना मी लेकीला समोर बसवलेलं आहे.

उजेडाचंही तसंच. ओळखपत्राच्या फोटोतला सपाट फ्लॅश सगळे भाव पुसून टाकतो. म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे. (लोक अजून ते रविवर्म्याचं समजतात, तिथं शेजारी उभं राहून मी एकाशी वाद घातलाय.) तिच्या हातातल्या दिव्याचा उजेड खालून आला नसता तर त्या चेहऱ्यावरची ती शांतता दिसली असती का? म्हणून मी बाजूचा उजेड धरून गालाची घडण पुन्हा बांधते.

बाकी सगळं केसाएवढ्या फरकाचं काम. बुबुळाच्या वर जरा पांढरं दिसलं की माणूस दचकलेला वाटतो. ओठांच्या कोपऱ्याला रेघ मारली की मेलाच. तिथं रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशनं कडा विरवायची आणि हात काढून घ्यायचा. हे शेवटचं मला अजून जड जातं.

अठरा बाय चोवीसच्या चित्राला तीन आठवडे लागतात. त्यामुळे तेराव्याची ऑर्डर आम्ही घेत नाही, वर्षश्राद्धाची घेतो. धंदा कमी झाला, परत आलेली चित्रंही कमी झाली.

अण्णांचं चित्र पोटमाळ्यावरच होतं. गेल्या पावसाळ्यात खाली काढलं, तोंडाचा भाग घासून पुन्हा केला. ओठ मिटलेले, कोपरे आत दाबलेले, मिशी एका बाजूला जराशी उचललेली, खालची पापणी वर. मुलाला फोन केला. तो आला, छत्रीसुद्धा न मिटता बघत राहिला.

"पैसं किती झालं?" त्यानं विचारलं.

मी जुनाच दर सांगितला.