फरक किती आहेत ते मुलांना सांगू नका

माझ्याकडे चित्रकलेच्या क्लासला येणाऱ्या मुलांच्या आया बऱ्याचदा विचारतात की फरक ओळखा, लपलेल्या वस्तू शोधा, असली चित्रकोडी द्यावीत का, त्याने लक्ष सुधारतं का. मी सांगते जरूर द्या, पण वर जे "सात फरक शोधा" असं छापलेलं असतं ना ते आधी पेनाने खोडून मग द्या.

कारण आकडा कळला की मूल बघत नाही, मोजायला लागतं. सातवा फरक सापडला की पेन्सिल खाली, आणि चित्राकडे परत ढुंकूनही बघायचं नाही. पण वहीतल्या चुका किती आहेत, सोसायटीच्या गेटमधून किती गाड्या येतायत, हे कोण आधी सांगतं? रेडिओलॉजीत तर याला 'सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च' असं नावच आहे, एक्स-रेमध्ये एक दोष सापडला की काम झाल्यासारखं वाटतं आणि दुसरा तिथेच राहून जातो. म्हणजे शिकलेल्या डॉक्टरांचं हे होतं, मग आपली आठ वर्षांची पोरं काय!

2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, 24 रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन दिले, फुफ्फुसातल्या बारीक गाठी शोधायला, आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना ते दिसलंच नाही. आणि डोळ्यांच्या हालचाली तपासल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट त्या गोरिलावरून गेलेली होती! मी हे पालकांना मुद्दाम सांगते, म्हणजे "समोर असून दिसत नाही का तुला" असं ओरडणं तरी कमी होईल. डोळा जातो तिथे लक्ष जातंच असं नाही.

शिवाय डोळ्याला स्पष्ट दिसणारा भाग अगदी छोटा असतो, हात लांब करून अंगठा धरा, त्याच्या नखाएवढा, बाकी सगळं धूसर, आणि नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत असते. त्या उड्यांना शिस्त लावणं एवढंच या खेळात शिकायचं असतं. आई तांदूळ निवडायची तेव्हा ताटात ढीग एका कडेला ठेवून बोटाने थोडे थोडे दाणे ओढून घ्यायची, बघितलेले दुसऱ्या कडेला, मध्ये कुठेही उडी नाही. मुलांना मी तसंच करायला लावते, वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, एक पट्टा संपला की पुढचा, आणि काय दिसतंय ते मोठ्याने बोलायचं, "खिडकीला तीन गज, इकडे पण तीन, पडद्याला ठिपके, इकडे नाहीत".

एक ट्रिक मोठी मुलं कुठून तरी शिकून येतात, डोळे तिरळे करून दोन्ही चित्रं एकावर एक आणायची, मग फरकाची जागा लुकलुकते. खरंच लुकलुकते, मी करून बघितलंय. पण त्यात निरीक्षण कुठे आहे, म्हणून क्लासमध्ये बंद. टायमरही बंद, घाई झाली की पट्टे सुटतात.

कोडी विकत आणायची गरज नाही. पुठ्ठ्यावर टिकल्या चिकटवा. सगळ्या हिरव्या आणि एकच लाल असेल तर ती लगेच डोळ्यात भरते, टिकल्या दहा असोत की शंभर. पण लाल गोल आणि हिरव्या लांब अशा भरपूर लावून त्यात एकच लाल लांब लावा, आता एकेक तपासत जावं लागतं आणि टिकल्या वाढल्या की वेळही वाढतो. ॲन ट्रीझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या शोधनिबंधात हेच मांडलं होतं. सराव होतो तो या दुसऱ्या पुठ्ठ्याने.

आता यातून बुद्धी वाढते, गणित सुधारतं वगैरे ॲपवाले सांगतात ते मला पटत नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपवर पुराव्याशिवाय असले दावे केल्याचा आरोप ठेवला होता, कंपनीने 20 लाख डॉलर भरून ते मिटवलं. ज्याचा सराव कराल ते आणि त्याच्या जवळपासचं सुधारतं, त्यामुळे कागदावरची सवय बाहेर न्यावी लागते, ती आपोआप जात नाही.

त्यासाठी आपलं बडोदं काय सुंदर आहे! रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघा, भिंती चित्रांनी अशा भरल्यात की कुठे बघू असं होतं. मी मुलांना एकाच चौकटीसमोर उभं करते, मिनिटभर बघायचं, मग पाठ करून सांगायचं कोणाच्या हातात काय होतं, पागोटं कोणतं, कोण कोणाकडे बघतंय. पहिल्यांदा सगळे फक्त मधली मोठी माणसं सांगतात, कडेची कोणालाच आठवत नाहीत. मग परत वळून बघायचं आणि तेव्हा जे "अरेच्चा, ही बाई होती इथे?" ऐकू येतं ना, त्यासाठी मी उन्हातान्हात एवढी पोरं घेऊन जाते. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, तीही अशीच बघता येतात, पण ती खूप मोठी आहेत, लहानांना नंतर न्या.

घरी करायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या मांडणीचा मोबाईलवर फोटो काढा, दोन डबे इकडचे तिकडे करा, एखाद्या बरणीचं झाकण उलटं ठेवा, परत फोटो काढा आणि दोन्ही दाखवा. "संपले का?" असं विचारलं तर हो-नाही काही सांगू नका, "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा. आणि कधीतरी काहीच न बदलता तोच फोटो दोनदा द्या, सगळे पट्टे तपासून "फरक नाहीये" म्हणायला मुलांना सगळ्यात जास्त वेळ लागतो.