शून्य कुठं गेलं?

सकाळी अकराला लातूरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात बसले, ते दिवेलागणीलाच उठले. काम काय, तर जुन्या एक्सेलमधली खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. मालक म्हणाले, "तासाभराचं काम आहे की ताई, फाईल तर तयारच आहे."

तयार! एकच माणूस तीन नावांनी: 'पाटील औसा', 'पाटिल औसा', 'औशाचे पाटील'. दुसऱ्याच्या शेवटी एक स्पेस, ती तर दिसतही नव्हती.

तुरीचा एचएसएन, म्हणजे जीएसटीत लागणारा मालाचा कोड, ०७१३. एक्सेलनं पुढचं शून्य गिळलं, उरलं ७१३. ते परत लावता येतं. पण बँक खात्यांचे १६ आकडी नंबर? एक्सेल १५च आकडे धरतं, सोळाव्याचा शून्य करून टाकतं. नंतर कॉलम टेक्स्ट करा नाहीतर डोकं आपटा, गेलेला आकडा येत नाही. मग काय, पासबुकांच्या झेरॉक्स काढल्या. मुनीमजी वाचताहेत, मी टाइप करतेय.

तारखांचा घोळ मात्र त्यांनीच सोडवला. ०१/१० म्हणजे एक ऑक्टोबर की दहा जानेवारी? चष्मा वर करून म्हणाले, "माल बघा ना. नवी तूर म्हणल्यावर जानेवारी. ऑक्टोबरात सोयाबीन येतं, नवी तूर कुठली?" हे कुठल्या फॉर्म्युल्यात बसवणार, सांगा!

आधी दहाच ओळी टाकून पाहिल्या, मग सगळी फाईल. गेली एकदाची. मालकांनी खुश होऊन चहा सांगितला. "ताई, भावाच्या दुकानाची पण फाईल तयारच आहे बरं का."