आंबेनळी घाटात ब्रेक गेले तेव्हा

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट मला सह्याद्रीतल्या इतर घाटांपेक्षा अधिक आवडतो, कारण देश संपून कोकण सुरू होताना हवा, झाडे आणि घरांची छपरे तिथे वळणागणिक बदलत जातात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि सुमारे ४० किलोमीटरच्या या रस्त्यात त्यातली बहुतेक उंची उतरावी लागते. दापोलीला जाण्यासाठी आम्ही साताऱ्याहून भाड्याची गाडी केली होती. मागे आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले, टपावर सामान, आणि पुढे चालककाकांच्या शेजारी मी. काकांचे आयुष्य घाटरस्त्यांवर गेलेले होते.

महाबळेश्वर सोडल्यावर थोड्याच वेळात विटांनी भरलेला एक टेम्पो आमच्या पुढे आला. रस्ता अरुंद, वळणे आंधळी, त्यामुळे त्याला मागे टाकणे शक्य नव्हते. टेम्पो थबकला की आम्ही थबकायचे, तो सरकला की आम्ही सरकायचे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, तरी दर वळणावर काकांचा पाय ब्रेकवर जातच होता. वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा मागे पडला तेव्हा काचेतून करपल्यासारखा वास आत आला. काका म्हणाले, "ब्रेकचे लायनर तापलेत. पुढं जागा मिळाली की थांबू." ती जागा मिळण्याआधीच एका वळणानंतर त्यांच्या पायाखालचे पॅडल, त्यात काही अडथळाच नसल्यासारखे, थेट तळापर्यंत गेले.

पुढच्या अर्ध्या मिनिटात त्यांनी जे केले ते मी हातभर अंतरावरून पाहिले. आधी त्यांनी पॅडल तीन-चार वेळा भराभर दाबले. पहिल्या दाबाला काही हाती लागले नाही, नंतर थोडा जोर मिळाला आणि गाडी किंचित अडली. तेवढ्यात त्यांनी क्लच दाबून दुसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन किंचाळले, आम्ही सगळे पुढे झुकलो, आणि टेम्पोशी कमी होत चाललेले अंतर कमी व्हायचे थांबले. डावा हात हँडब्रेकवर गेला, पण त्यांनी तो खेचला नाही; अंगठ्याने बटण दाबून धरून ते दांडी बोटभर वर घेत, पुन्हा सैल करत, पुन्हा वर घेत होते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत केबलने फक्त मागच्या चाकांना लागतो आणि पॅडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलशी त्याचा संबंध नसतो, म्हणून तो अशा वेळी शाबूत असतो. मात्र एका झटक्यात ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. "ताई, हॉर्न दाबून धरा, आणि मागं सगळ्यांचे पट्टे बघा," एवढेच ते बोलले. हेडलाइट आणि चारी इंडिकेटर त्यांनी स्वतःच लावले.

भाऊ मागून ओरडला, "काका, गाडी बंद करा!" काकांनी ते ऐकलेच नाही, आणि बरे झाले. किल्ली फिरवली की पॉवर स्टेअरिंग जड होते, ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला साठा एक-दोन दाबांत संपतो, आणि किल्ली बाहेर निघालीच तर स्टेअरिंग कुलूपबंद होते. न्यूट्रल तर त्याहून वाईट, कारण गाडीला धरून ठेवणारे इंजिनच चाकांपासून सुटते.

त्या टप्प्यात डोंगर आमच्या डाव्या हाताला होता. वेग पुरेसा उतरल्यावर काकांनी पहिला गिअर टाकला (वेगात असताना तो पडतच नाही, किंवा पडला तर चाके घसरतात), डावीकडची चाके रस्त्याखालच्या मातीत उतरवली आणि खड्डे बुजवण्यासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडीचे नाक घातले. खडी बंपरखाली करकरली आणि गाडी थांबली. दरीच्या बाजूचा कठडा वेगातली गाडी अडवीलच याची हमी नसते. डोंगराला घासून पत्रा फाटला तरी चालेल, पण स्टेअरिंग दरीपासून दूरच ठेवायचे, असे काका नंतर म्हणाले.

उतारावर सुटलेल्या गाडीला थांबवायला माती, खडी आणि चढ यांच्याइतके भरवशाचे काही नाही. रेल्वेला हे फार पूर्वी कळले होते: १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर ३७ फुटांना एक फूट असा उतार आहे आणि ताबा सुटलेली गाडी वळवण्यासाठी तिथे चढावर जाणारे बाजूचे रूळ ठेवलेले आहेत. आपल्या बहुतेक घाटरस्त्यांवर अशी सोय नाही, याचे मला आश्चर्य आणि रागही वाटतो.

काकांनी इंजिन बंद करून रिव्हर्स गिअर टाकला आणि भावाने चाकांच्या पुढे दगड लावले. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरूनही धग लागत होती. एका दुचाकीस्वाराने पाण्याची बाटली पुढे केली, पण काकांनी त्याला थांबवले, कारण ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकते किंवा तडकते. दीड टनाची गाडी १००० मीटर उतरते तेव्हा जी उष्णता निर्माण होते तिच्यात सुमारे ४५ लिटर पाणी उकळीला येईल; ती इंजिनाने वाटून घेतली नाही तर सगळी त्या चार चाकांत साठते.

आई आणि मुलांना एसटीने पोलादपूरला पाठवले. ब्रेक गार झाल्यावर पॅडल पुन्हा वर आले होते, पण त्यावर विश्वास ठेवून खाली जायला काका तयार नव्हते. त्यांच्या फोनवरून पोलादपूरचा एक मेकॅनिक दुचाकीवर ऑइलचा डबा घेऊन आला. त्याने चाकाजवळच्या निप्पलला, म्हणजे जुने ऑइल काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली, काका पॅडल मारू लागले आणि बाटलीत काळ्या चहाच्या रंगाचे ऑइल बुडबुड्यांसह उतरले. "हे कधी बदललंय?" या त्याच्या प्रश्नाला गाडीमालकाकडे फोनवरही उत्तर नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरलेले १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल पोकळ होते. गाडीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात, एक फुटली तर दुसरी चालावी म्हणून. पण दोन्हींत तेच जुने ऑइल असेल तर दोन्ही एकदमच बसतात.

काम चालू असताना मी काकांना विचारले की माझ्यासारख्या ऑटोमॅटिकवाल्यांनी काय करायचे. गिअरचा दांडा मॅन्युअलवर किंवा एलवर (म्हणजे खालच्या गिअरवर) घेऊन एकेक पायरी खाली यायचे, असे त्यांचे उत्तर होते. हँडब्रेकच्या जागी बटण असेल तर ते ओढून धरून ठेवायचे. बहुतेक गाड्यांत मग गाडी स्वतःच ब्रेक लावू लागते.

ऑइल बदलून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पॅडल घट्ट लागते का हे काकांनी तपासले, मग रिकामी गाडी पहिल्या गिअरवर पोलादपूरपर्यंत आणली. संध्याकाळी कशेडी घाट उतरताना त्यांनी दुसरा गिअर सोडला नाही, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांना बाजू देऊन पुढे जाऊ दिले.