शेवटचा डबा आला का?

जानेवारीचा पहिला शनिवार जवळ आला की मी सुनेला आधीच सांगून ठेवते, त्या दिवशी माझ्या वाटची भाकरी टाकू नकोस. भुसावळला आमच्या चर्चच्या आवारात त्या दिवशी निवृत्तांचा मेळावा असतो. मंडळीत पेन्शनर पुष्कळ. सगळ्यांत जास्त रेल्वेचे, काही ऑर्डनन्स फॅक्टरीचे, मग आम्ही शिक्षक आणि दवाखान्यांतून निवृत्त झालेल्या सिस्टर. सकाळी पेटी-तबल्यावर भजनं, प्रार्थना, त्यानंतर 'वस्तू' आणि मग भरीत.

'वस्तू' म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी ही पद्धत घालून दिली. गेल्या वर्षात घरातली जी वस्तू हाताळताना देवाची आठवण झाली, ती पिशवीत घालून आणायची, टेबलावर ठेवायची आणि पाच मिनिटं तिच्याबद्दल बोलायचं. उपदेश करायचा नाही, आपल्याला काय दिसलं तेवढंच सांगायचं. एरवी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं की आपण पूर्वी ऐकलेली वाक्यंच बोलून जातो. हातात घरचं काही असलं की तसं होत नाही. त्या टेबलावर मी पिठाची चाळणी पाहिली, काडी मोडलेला चष्मा पाहिला, बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पाहिली. एका मावशींचा वरवंटा तर रिक्षातून आला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०११ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या जानेवारीत तिथे पहिल्यांदा बसले. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ मी नेलं होतं. म्हटलं, ३४ वर्षं शाळेच्या घंटेवर जगले, आता सकाळचे साडेदहा वाजतात आणि मला कुठेच जायचं नसतं. देवाची आठवण होते, पण ती तक्रार करण्यापुरती. एवढं बोलले आणि रडू आलं. कोणी समजूत घातली नाही. शेजारच्या मावशींनी माझा हात धरून ठेवला, तो भजन सुरू होईपर्यंत सोडला नाही.

माझ्यानंतर यावल रोडला केळीची बाग असलेले एक काका उठले. त्यांनी केळीच्या खोडाचा हातभर तुकडा आणला होता, आतून पांढराशुभ्र, टेबलावर पाणी गळत होतं. केळीच्या खोडाला एकदाच घड येतो. घड उतरवला की नवशिक्याला वाटतं, खोड लगेच बुडापासून काढावं, जागा मोकळी होईल. जाणता माणूस घाई करत नाही. बुडाशी पील, म्हणजे नवा कोंब, वाढत असतं आणि उभ्या खोडातला ओलावा, अन्न त्या पिलाकडे उतरत राहतं. खोड सुकत जातं, पील भरत जातं. काका म्हणाले, "पोरानं बाग हातात घेतल्यापासून मला वाटायचं, आपला घड उतरला, आता आपण अडगळ. रोज त्याच बागेत फिरतो मी बाई, आणि हे दिसायला मला दोन वर्षं लागली." मग जमिनीत पडून मेल्यावरच पुष्कळ पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याची त्यांनी आठवण केली, प्रभू येशूनं स्वतःच्या मरणाआधी सांगितलेली, आणि खाली बसले. पुढे २०१६ मध्ये जळगावच्या केळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात मोठी बातमी आली. मला मात्र केळी म्हटलं की टेबलावरचं ते गळतं खोड आठवतं.

भरताबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सालं काढून लाकडी दांड्यानं ठेचायची, त्यात तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि वरून कांद्याची भरपूर पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. जाळावर पुरुष, भाकरीवर बायका अशी पूर्वी वाटणी होती. आता ज्याचे गुडघे चांगले तो खाली बसतो.

जेवणाआधी गार्डबाबा माणसं मोजायचे. रेल्वेत मालगाडीवर गार्ड म्हणून ३० वर्षांहून जास्त काळ काढलेले. ते सगळ्यांना 'सलाम' करत एकेका खुर्चीपुढून जायचे आणि शेवटी मोठ्यानं विचारायचे, "शेवटचा डबा आला का?" कोणी आलेलं नसेल तर प्रार्थनेला हात जोडू द्यायचे नाहीत. मला सुरुवातीला ती नुसती गंमत वाटायची. २०१४ च्या मेळाव्यात त्यांनी वस्तू म्हणून पुठ्ठ्याची पाटी आणली, नातवाकडून रंगवून घेतलेली. पाटीवर 'एल.व्ही.' अशी दोन अक्षरं. लास्ट व्हेइकल.

त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. इंजिन फलाटावरून धडधडत निघून गेलं म्हणून गाडी आली असं रेल्वे मानत नाही. स्टेशन मास्तर शेवटच्या डब्यावरची ती पाटी बघतो, रात्री मागचा लाल दिवा बघतो. तो दिसला तरच गाडी पूर्ण आली. कारण वाटेत कपलिंग तुटून चार डबे मागेच राहिले असतील, तर पाठोपाठ येणारी गाडी त्यांच्यावर आदळेल. म्हणून शेवटचा डबा दिसेपर्यंत मागच्या गाडीला रस्ता द्यायचा नाही. "सगळी नोकरी मी गाडीच्या शेपटीला केली," गार्डबाबा म्हणाले. "एका रात्री बायबलातल्या लूकचा १५वा अध्याय वाचत होतो. नव्व्याण्णव मेंढरं ठेवून मेंढपाळ हरवलेलं शंभरावं शोधायला गेला. वाचता वाचता थांबलो. म्हटलं, हे तर माझंच काम होतं. प्रभूच्या हिशेबात शंभरावं आल्याशिवाय गाडी पूर्ण नाही."

निवृत्त झाल्यावर माणसाला आपण शेपटीला लागल्यासारखं वाटतं. घरात पुढची माणसं वेगानं पळत असतात. त्या दिवसानंतर मला मागे असण्याची लाज वाटेनाशी झाली.

२०१८ चा मेळावा मात्र माझा चुकला. डिसेंबरात दोन्ही गुडघे बदलले होते, वॉकर घेऊन संडासापर्यंत जायचं एवढाच प्रवास. आज भरीत असेल, हा विचार करत मी कॉटवर पडून होते. दुपारी अडीचला दार वाजलं. दारात आठ-नऊ जण, हातात डबे. कोणीही जेवलेलं नव्हतं. गार्डबाबा म्हणाले, "शेवटचा डबा सेक्शनमध्येच अडकलाय असं कळलं, म्हणून आम्हीच आलो."

त्यांच्यात सिस्टर होत्या. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या, दरवर्षी सुरत लाइनच्या गाडीनं भुसावळला येतात. त्यांनी माझ्या टाचा पाहिल्या. तीन आठवडे मला पायापर्यंत वाकता आलं नव्हतं आणि सुनेला पाय धुवायला सांगणं मला जमलं नव्हतं. सिस्टरनी परात मागितली, कोमट पाणी मागितलं आणि खाली बसल्या. मी पाय मागे घ्यायला लागले. तोंडातून आईची बोली बाहेर पडली, "नको ना सिस्टर, माले लाज वाटस."

त्या एवढंच म्हणाल्या, "पेत्रसुद्धा असंच म्हणाला होता."

चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथशाळेत प्रभूनं पेत्राचे आणि बाकीच्या शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट मी कितीतरी वेळा शिकवली होती. प्रत्येक वेळी पोरांना विचारायची, तुम्ही कोणाचे पाय धुवाल? आपले पाय पुढे करून गप्प बसावं लागतं, त्या बाकावर मी स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं. पाणी घोट्यावरून वाहत होतं आणि माझ्यातली मास्तरीण हळूहळू शांत होत गेली. दुसऱ्या दिवसापासून मी सुनेला हाक मारायला लागले. पुढच्या जानेवारीत तीच परात वस्तू म्हणून नेली. मला उचलवेना, सुनेनं उचलून टेबलावर ठेवली, आणि मी तिला खाली बसू दिलं नाही. बोलून होईपर्यंत ती माझ्या शेजारी उभी होती.

२०२२ मध्ये रेल्वेनं गार्ड हे पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलं. आमच्यात ते गार्डबाबाच राहिले. गेल्या पावसाळ्यात ते प्रभूकडे गेले.

या जानेवारीत त्यांचा नातू आला. आता कॉलेजात आहे. पाटी त्यानं पिशवीतून काढली आणि टेबलाच्या अगदी टोकाला ठेवली. अक्षरांचा रंग उडालाय. तो काही बोलला नाही आणि त्याला कोणी बोल म्हटलं नाही.

सिस्टरची गाडी त्या दिवशी बरीच उशिरा धावत होती. वांगी ठेचून झाली होती, पातेल्यावर झाकण होतं, जाळ विझत आला होता. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना मागचं फारसं माहीत नाही. त्यांनी भोजनाच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून तो मुलगा म्हणाला, "शेवटचा डबा आला का?"

सगळे पुन्हा खाली बसले. पाळकसाहेबही बसले. पेटीवाल्या काकांनी भाता उघडला आणि भजन पुन्हा सुरू झालं. पाऊण तासानं फाटकाशी रिक्षा थांबली. सिस्टर उतरायच्या आत कोणीतरी पातेल्याखाली काड्या सारल्या.