बाबांचा स्टेंट आणि आजचा फॉलोअप

आज बाबांना नौपाड्यात डॉक्टरांकडे फॉलोअपला नेलं. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसून बरीच वर्षं झाली, त्यामुळे "आता कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा की," हा त्यांचा नेहमीचा हट्ट. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने रक्तवाहिनीचा गोल काढला, आत जाळीचे ठिपके दिले आणि समजावून सांगितलं.

फुगा फुगवून जाळी बसवतात तेव्हा वाहिनीचं आतलं नाजूक अस्तर सोलवटतं. शरीर ती जखम भरायला घेतं, स्नायूपेशी जाळीवर नवा थर चढवतात. हा थर बेताचाच हवा, जास्त वाढला तर वाहिनी पुन्हा अरुंद होते. म्हणून हल्लीच्या स्टेंटवर ही वाढ रोखणारं औषध असतं. पण त्याच औषधामुळे वरचं अस्तर यायलाही उशीर लागतो, आणि उघड्या धातूवर गुठळी होऊ शकते. सुरुवातीचे महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या का चुकवायच्या नसतात, ते आज नीट कळलं.

खरा धक्का पुढेच होता. काही वर्षांनी या नव्या थरातही चरबी साठू शकते, म्हणजे स्टेंटच्या आतच नवा ब्लॉक! धातू तसाच राहतो, भोवतालचा जिवंत भाग बदलत राहतो. डिस्चार्जच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

बाबा गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे गोळी चालूच?"

"चालूच, काका."

येताना गोखले रोडवरच्या मेडिकलमधून महिन्याच्या गोळ्या घेतल्या. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, पुढच्या आठवड्यात.